पगारदार, बागायतदार, सालदार: कराचा भार नेमका कुणावर?

अमळनेरला महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांचा प्रश्न आहे: "माझा वर्षाचा पगार पावणेसोळा लाख. कर कापूनच तो हातात येतो. रावेरला माझ्या शालकांची केळी आहे. वर्ष बरं गेलं तर खर्च वजा जाता पंधरा लाख सुटतात आणि ते एक रुपया भरत नाहीत. आमच्या शेतावरचा सालदारही काही भरत नाही. मग सगळा भार माझ्यावरच का? याला न्याय म्हणायचा का?"

सर, सालदारापासून, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्यापासून सुरुवात करू, कारण तिथे तुमचं गृहीतकच चुकलंय. तो आयकर भरत नाही, पण कर भरतोच. त्याला पावती मिळत नाही, एवढंच.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल, म्हणजे वर्षाची मजुरी ठरते, त्यात बायकोची मजुरी धरली तर घरात महिन्याला १४,००० रुपये येतात असं समजा. शिल्लक काही पडत नाही, सगळे खर्च होतात. त्यातले ५,००० अशा गोष्टींवर जातात ज्यांना जीएसटी नाही: सुटी दादर ज्वारी, बाजरी, भाजीपाला, सुटं दूध, मीठ, घरभाडं. ६,००० रुपये ५ टक्क्यांच्या वस्तूंवर: तेल, साखर, चहा, साबण, साधे कपडे, चपला. १,५०० रुपये १८ टक्क्यांवर: मोबाइलचा रिचार्ज, घराला लागलेली सिमेंटची गोणी, किरकोळ दुरुस्ती. उरलेले १,५०० मोटरसायकलच्या पेट्रोलला. आता किमतीच्या पोटातला कर काढू. ६,००० मध्ये ५/१०५ या हिशेबाने सुमारे २८६ रुपये, १,५०० मध्ये १८/११८ ने सुमारे २२९. एकूण ५१५ रुपये, म्हणजे मिळकतीच्या ३.७ टक्के. पेट्रोल जीएसटीबाहेर आहे. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट बसतो, तो यात धरलेलाच नाही.

हाच हिशेब महिना तीन लाख मिळवणाऱ्या घराला लावा. समजा ते ९०,००० खर्च करतात आणि उरलेले गुंतवतात. ३०,००० करमुक्त गोष्टींवर (शाळेची फी, भाजी, दूध), ३०,००० पाच टक्क्यांवर, ३०,००० अठरा टक्क्यांवर. पोटातला कर १,४२९ अधिक ४,५७६, म्हणजे ६,००५ रुपये. रक्कम सालदाराच्या अकरा-बारापट आहे, पण मिळकतीच्या तुलनेत फक्त २ टक्के. ज्याचा सगळा पैसा खर्च होतो त्याच्यावर खर्चावरचा कर पूर्ण बसतो. ज्याचा निम्म्याहून जास्त पैसा शिलकीत जातो त्याच्यावर अर्धवट बसतो. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या घराचे घालून पाहा, कल बदलणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर आली आणि हा कल थोडा सौम्य झाला, संपला नाही. आणि जळगावच्या सराफ्यात सोन्यावर ३ टक्के, सालदाराच्या सिमेंटवर १८ टक्के, हा क्रम आजही तसाच आहे.

याहून उघड उदाहरण तुमच्याच पगारपत्रकात आहे: व्यवसाय कर. तुम्ही ११ महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे २,५०० भरता. पगाराच्या ०.१६ टक्के. जिनिंगमध्ये महिना ११,००० वर लागलेला मुलगाही वर्षाला तेवढेच २,५०० भरतो, म्हणजे त्याच्या १ लाख ३२ हजारांच्या १.९ टक्के. महिलांना २५,००० पगारापर्यंत आता सूट आहे, पुरुषांना १०,००० च्या वर गेलं की पूर्ण रक्कम. वरच्या पगाराला जास्त लावावा तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ ने २,५०० ची कमाल मर्यादा घातलेली आहे आणि ती १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीपासून हललेली नाही. रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला राज्याने १९७५ मध्ये आणलेला हा कर आज कमी पगारवाल्यालाच जास्त टोचतो.

आता तुमचा आयकर. खालचे सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीचे आहेत. ४ लाखांपर्यंत शून्य, पुढे ८ लाखांपर्यंत ५, १२ पर्यंत १०, १६ पर्यंत १५, २० पर्यंत २०, २४ पर्यंत २५ आणि त्यावर ३० टक्के. तुमच्या १५ लाख ७५ हजारांतून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की १५ लाख उरतात. त्यावर २०,००० अधिक ४०,००० अधिक ४५,००० म्हणजे १,०५,०००, वर ४ टक्के सेस, एकूण १,०९,२००. पगाराच्या सुमारे ७ टक्के. "मी १५ टक्क्यांत बसतो" असं जे म्हटलं जातं ते शेवटच्या रुपयापुरतं खरं असतं. स्लॅब ओलांडला म्हणून मागच्या सगळ्या रकमेवर वरचा दर लागत नाही.

स्लॅबची चढण बऱ्यापैकी न्याय्य आहे असं माझं मत आहे. करपात्र २४ लाखांवर सरासरी कर १३ टक्के, ५० लाखांवर साडेबावीसच्या आसपास, एक कोटीवर १० टक्के सरचार्ज (करावरचा अधिभार) धरून साडेएकोणतीस. खोच आहे ती १२ लाखांच्या उंबरठ्यावर. १२ लाखांपर्यंत ६०,००० च्या रिबेटमुळे (करातल्या सुटीमुळे) कर शून्य. त्यापुढे सवलत अशी, की १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न तेवढाच कर. म्हणजे १२ लाख १० हजारांवर कर १०,००० आणि सेस ४००. वरचे दहा हजार मिळवून खिशातले चारशे गेले! साधारण १२ लाख ७०,५८८ पर्यंत हेच चालतं. या पट्ट्यातल्या माणसाला शेवटच्या रुपयावर १०४ टक्के दर लागतो. वेतनवाढीची थकबाकी किंवा एखाद्या ठेवीचं व्याज नेमकं या पट्ट्यात नेऊन ठेवतं आणि मग "पगार वाढला, हातात कमी आला" ही तक्रार येते. ती खोटी नसते.

पण खरा अन्याय स्लॅबमध्ये शोधून सापडणार नाही. आपल्या आयकराला तुम्ही किती मिळवता याच्या आधी कशातून मिळवता हे विचारायचं असतं. तीच ऐपत वेगवेगळ्या दारांतून आली की कर कसा बदलतो ते पाहा.

वर्षाला २४ लाख फी जमा करणारा डॉक्टर किंवा आर्किटेक्ट कलम ४४एडीए खाली निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवू शकतो. १२ लाख झाले, कर शून्य. दवाखान्याचा खर्च प्रत्यक्षात पाच लाखच असला तरी रिटर्न मान्य होतो. २४ लाख पगारवाल्याला मात्र २,९२,५०० भरावे लागतात. धुळ्यातला दोन कोटींची उलाढाल असलेला कापड दुकानदार सगळी वसुली बँकेतून घेत असेल तर कलम ४४एडी खाली ६ टक्के नफा दाखवतो. ते १२ लाख होतात आणि पुन्हा कर शून्य. या तरतुदी वाईट हेतूने आलेल्या नाहीत. छोट्या धंद्याला वह्या आणि ऑडिटचा त्रास नको म्हणून त्या आहेत. पण पगारदाराला असा ठोकताळा नाही, त्याचा रुपयान् रुपया टीडीएसमध्ये (पगारातून आधीच कापलेल्या करात) दिसतो. तुमची चीड इथे जास्त रास्त ठरेल, पण लोक बोट केळीकडे दाखवतात.

आता केळी. शेती उत्पन्नावर आयकर नाही, कारण घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीतली ८२ वी नोंद "शेती उत्पन्न सोडून इतर उत्पन्न" अशी आहे, आणि शेती उत्पन्नावरचा कर राज्य यादीत ४६ व्या नोंदीत आहे. केंद्राला वाटलं तरी तो लावता येत नाही. शालकांची शेतीच असेल, दुसरं उत्पन्न चार लाखांच्या आत असेल, तर त्यांचा आयकर कायद्याने शून्य आहे. यात चोरी नाही.

मात्र "ते एक रुपया भरत नाहीत" हे त्यांच्या बाबतीतही चूक आहे. ताज्या केळीला जीएसटी माफ आहे, म्हणून विकताना ते कर लावत नाहीत. आणि लावत नाहीत म्हणूनच खरेदीवर दिलेला कर त्यांना परत मिळत नाही. खतं, सूक्ष्म अन्नद्रव्यं, ठिबक यांवर ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकांवर आणि घडाला घालायच्या प्लास्टिक पिशव्यांवर १८ टक्के. करापूर्वी दोन लाखांची ५ टक्केवाली आणि ४० हजारांची १८ टक्केवाली निविष्ठा घेतली तर १७,२०० रुपये कर जातो, तो खर्चातच मुरतो. कारखानदार हाच कर क्रेडिट घेऊन वळता करतो. माफी असली की खरेदीवरचा कर अडकतो, शून्य दर असला की तो परत मिळतो, हा फरक शेतकऱ्याला सहसा कुणी सांगत नाही. कापसाचं गणित वेगळं आहे: शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावर ५ टक्के कर जिनर (सरकी काढणारा कारखानदार) उलट आकारणीने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी स्वतः भरतो आणि त्याचं क्रेडिट घेतो. शेतकऱ्याच्या खतावरचा कर मात्र तिथेही अडकलेलाच.

दुसरी गोष्ट चढउताराची. तुमचा पगार दरवर्षी येतो. शालकांचा भाव बऱ्हाणपूरच्या लिलावावर ठरतो, मे-जूनचं वादळ आडवी केलेली खोडं परत उभी करत नाही आणि सीएमव्ही हा विषाणूरोग आला की बाग उपटावी लागते. एका वर्षी ३० लाख आणि दुसऱ्या वर्षी शून्य मिळवणाऱ्याला आजच्या स्लॅबने कर लावला तर ४,९९,२०० होईल. दोन वर्षं १५-१५ लाख मिळवणाऱ्याला मिळून २,१८,४००. मिळकत तीच, कर दुपटीहून जास्त. शेतीला उद्या कर लावायचाच तर तीन किंवा पाच वर्षांची सरासरी धरावी लागेल, नाहीतर एका अन्यायाच्या जागी दुसरा येईल.

तरीही मोठ्या बागायतदाराला पूर्ण माफी असावी असं मला वाटत नाही. के. एन. राज समितीने १९७२ मध्येच शेतजमीन धारणेवर चढत्या दराने कर सुचवला होता. जमीन, पीक आणि सिंचन यावरून उत्पन्नाचा अंदाज घ्यायचा, अशी ती रचना होती. कर झाला नाही, कारण तो राज्यांनी लावायचा होता आणि कुणी हात घालायला तयार नव्हतं. आज १२ लाखांची शून्य-कर मर्यादा शेतीलाही तशीच दिली तर शिंदखेडा-साक्रीच्या कोरडवाहू कापसाला, बाजरीला हातही लागत नाही. कक्षेत येतील ते मोजके मोठे बागायतदार, आणि दुसरा पैसा शेतीच्या नावावर दाखवणारे. त्याबरोबर निविष्ठांवरच्या जीएसटीचा परतावा दिला तर सौदा दोन्हीकडून सरळ होईल.

दुसरा पैसा शेतीच्या नावावर कसा येतो, हे शालकांनीही समजून घ्यावं, कारण नोटिसा इथेच येतात. स्वतःच्या बागेतली केळी विकली, ती शेती. शेजाऱ्यांची केळी घेऊन दिल्लीला पाठवली, तो व्यापार, पूर्ण करपात्र. रायपनिंग चेंबर (केळी पिकवायची खोली) भाड्याने चालवलं, तोही धंदा. स्वतःच्या केळीचे वेफर्स केले तर आयकर नियमावलीतल्या नियम ७ प्रमाणे वापरलेल्या केळीचा बाजारभाव शेती उत्पन्न म्हणून वजा होतो आणि उरलेला नफा धंद्याचा. दुधाचा पैसा शेतीचा नाही. रोपवाटिकेत वाढवलेल्या रोपांचा मात्र शेतीचा. पुरावा म्हणून व्यापाऱ्याच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या), सातबाऱ्यावरची पीक नोंद, ई-पीक पाहणी आणि बँकेतली जमा या चारही गोष्टी जुळाव्या लागतात. सातबाऱ्यावर दोन एकर कापूस आणि रिटर्नमध्ये वीस लाखांची केळी, इथे अधिकारी थांबतो. एका दिवसात एका माणसाकडून दोन लाख किंवा जास्त रोख घेणं शेतकऱ्यालाही चालत नाही.

जमीन विकली तर? लोक सरसकट "शेतजमिनीला कर नाही" म्हणतात, पण ते शहरापासूनच्या अंतरावर ठरतं. शहराची लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर हद्दीपासून २ किलोमीटर, १ ते १० लाख असेल तर ६ किलोमीटर, त्यावर ८ किलोमीटर, सरळ हवाई अंतर. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जळगाव, धुळे, भुसावळ आणि नंदुरबार ६ किलोमीटरच्या गटात येतात. त्या पट्ट्यातली आणि हद्दीच्या आतली जमीन भांडवली मालमत्ता धरली जाते आणि नफ्यावर कर लागतो. कलम ५४बी खाली दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर सूट मिळते, पण विकण्याआधीची दोन वर्षं ती जमीन स्वतः किंवा आईवडिलांनी कसलेली असावी लागते. प्लॉट पाडून विकले तर तो धंदा धरला जाण्याची शक्यता असते.

वरच्या टोकाकडे एक नजर टाकू, कारण सगळी चर्चा शेतकऱ्यावर थांबते आणि ते सोयीचं असतं. करपात्र एक कोटी पगारावर २९ लाख ५२ हजारांच्या आसपास कर. तेच एक कोटी शेअर्सच्या दीर्घकालीन नफ्यातून आले आणि दुसरं उत्पन्न नसलं, तर साडेबारा टक्क्यांनी, सरचार्ज-सेस धरून, साडेतेरा लाखांच्या आसपास. निम्म्याहून कमी. गंमत म्हणजे खालच्या थराला हाच नियम उलटा बसतो. करपात्र पगार ६ लाख आणि शेअर्सचा नफा ३ लाख असलेल्या तरुणाची बेरीज ९ लाखच होते, १२ च्या बरीच आत. पण रिबेट शेअर्सच्या नफ्याला लागत नाही, म्हणून सव्वा लाख वजा जाता पावणेदोन लाखांवर २२,७५० भरावे लागतात. वारसा कर १९८५ मध्ये गेला, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. कमावलेल्या पैशापेक्षा आयत्या आलेल्या पैशावर कर हलका, हे धोरण दोन्ही बाजूंच्या सरकारांनी चालवलंय.

आता तुमच्याच प्रश्नातला एक शब्द: "आमच्या शेतावरचा सालदार". म्हणजे शेती तुमचीही आहे. तिचं उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवलंत का? शेती करमुक्त असली तरी पगारदाराच्या दरात ती मिसळली जाते. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० च्या वर आणि इतर उत्पन्न ४ लाखांच्या वर असलं की हा नियम लागतो. तुमचं शेतीचं निव्वळ उत्पन्न ४ लाख धरू. आधी १५ आणि ४, अशा १९ लाखांवरचा कर काढायचा: १,८०,०००. मग शेतीचे ४ लाख अधिक मूळ सूट ४ लाख, अशा ८ लाखांवरचा: २०,०००. फरक १,६०,०००, सेस धरून १,६६,४००. म्हणजे टीडीएसच्या १,०९,२०० वर आणखी ५७,२००. शालकांना हा नियम लागत नाही, कारण त्यांच्याकडे पगार नाही. तुमच्या तक्रारीत तथ्य आहे ते इथे: शेतीच्या उत्पन्नामुळे कर वाढतो तो तुमच्यासारख्याचा, निव्वळ बागायतदाराचा नाही.

महाविद्यालयाचं कार्यालय टीडीएस कापतं ते पगारावर. शेतीचं त्यांना माहीत नसतं. म्हणून हा फरक तुम्हालाच आगाऊ कर म्हणून १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चच्या हप्त्यांत भरावा लागतो. राहिला तर १ एप्रिलपासून दर महिना १ टक्का व्याज. रिटर्न आयटीआर-१ मध्ये भरू नका, तो शेती उत्पन्न ५,००० पर्यंतच चालतो. आयटीआर-२ घ्या आणि त्यातल्या करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात एकूण विक्री, खर्च आणि मागच्या आठ वर्षांतला न वळवलेला शेतीचा तोटा भरा. हा तोटा बहुतेक जण विसरतात आणि जास्त कर भरतात. निव्वळ शेती उत्पन्न ५ लाखांच्या वर गेलं तर जिल्हा, पिनकोड, एकर, मालकीची की खंडाची, बागायत की कोरडवाहू, हेही लिहावं लागतं. सातबारा भावांच्या सामाईक नावावर असेल तर फक्त तुमच्या हिश्श्याचं दाखवा. सालदाराला दिलेलं साल खर्चात धरा, पण त्याची सही घेतलेली नोंद किंवा बँकेतून दिल्याचा पुरावा ठेवा. मागच्या वर्षांत हे राहून गेलं असेल तर अद्ययावत रिटर्न भरता येतं. पहिल्या बारा महिन्यांत कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, नंतर ५०, ६०, ७० असं वाढत जातं. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झालाय, तेव्हा पुढच्या वर्षांसाठी कलमांचे क्रमांक वेगळे दिसतील. २०२५-२६ चं रिटर्न मात्र जुन्याच कायद्याने भरायचं आहे.